वळचणीला बर्फ

"गारे गं गारे बाई, तू ढगाची गं लेक,
माझ्या छपराला नको, माळावरी जाऊन टेक!"

इस्लापूरच्या घराच्या दारात उभी राहून ग्यानोबांची आत्या आभाळाला असं सांगायची. ओरडून नव्हे, गाऊन. एखाद्या आडदांड पोरीला गोडीगुलाबीनं दुसऱ्याच्या अंगणात खेळायला धाडावं, तशी. गाणं संपलं की चुलीवरचा तवा उचलून अंगणात उलटा फेकायची. मग कधी गारा थांबायच्या, कधी नाही. थांबल्या तर तव्यामुळं. न थांबल्या तर तवा नीट उलटा पडला नव्हता. आणि लहानगा ग्यानोबा तिच्या लुगड्यात तोंड खुपसून थरथरत असायचा.

आत्या गेली. लुगडं गेलं. ग्यानोबा शिकले, नांदेडात बांधकाम खात्याच्या कचेरीत चिकटले, हेडक्लार्क झाले, हारतुरे घेऊन निवृत्तही झाले. ते थरथरणं मात्र निवृत्त झालं नाही. गल्लीत कुणी शेंगदाणे भाजायला घेतले, की ग्यानोबा आधी वर बघायचे. वरातीत फटाक्यांची माळ लागली की हा सुशिक्षित, पेन्शनर गृहस्थ दोन्ही हात डोक्यावर नेऊन मग केस सारखे केल्यासारखं करायचा. केस फारसे नव्हते, त्यामुळं ते कुणाला पटायचं नाही.

तरोड्याकडच्या वसाहतीत त्यांचं घर. पुढं दोन खोल्यांना स्लॅब, मागं स्वयंपाकघरावर उतरतं पत्र्याचं छप्पर, त्याच्या खालच्या कडेला पन्हळ, आणि पन्हळीखाली अंगण. अशी घरं अख्ख्या मराठवाड्यात आहेत आणि माणसं त्यांत सुखानं राहतात. ग्यानोबाही राहत होते. गेल्या सालच्या गारपिटीपर्यंत.

त्या दुपारी गारा पत्र्यावरून घरंगळत आल्या आणि पन्हळीत साचल्या. पन्हळीत आधीच कडुलिंबाचा पाला. पाण्याची वाट बुजली. मागून आलेल्या गारांनी पुढच्यांना दाबलं, त्यांच्या मागच्यांनी त्यांना, आणि बघता बघता वळचणीला बर्फाचा एक पांढरा बांधच उभा राहिला. अडलेलं पाणी पत्र्यांच्या जोडातून आत शिरलं आणि थेट डाळीच्या डब्यांत उतरलं. मग गारा थांबल्या. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत तो अख्खा बांध पन्हळीसकट निसटला आणि धुण्याच्या दगडावर आदळला. दगडाची दोन शकलं झाली.

ग्यानोबांच्या बायकोनं, पंचफुलानं, त्या दगडाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. मग आत जाऊन पिशवी भरली.

"ह्या छपराखाली मी आता राहत न्हाई," ती म्हणाली, आणि लातूरला लेकीकडं निघून गेली.

लोकांना सांगितलं, लेकीच्या, बुद्धप्रियाच्या, बाळाला सांभाळायला गेलीय. बाळ रांगायला लागलं, धरून उभं राहिलं, चालायलाही लागलं. पंचफुला काही परतली नाही.

ग्यानोबांचा जन्म फायलींत गेलेला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण आरशासारखं स्वच्छ होतं. तक्रारदार : पत्नी. विषय : छप्पर. कार्यवाही : छपराची कड दुरुस्त करणे. पन्हळ त्यांनी लगेच नवी बसवली, धुण्याचा दगडही नवा आणला. पण रोज संध्याकाळी फोनवर तेच ते व्हायचं.

"जेवलात का?"

"हाव."

"गोळी घेतली का?"

"हाव. तू कधी येतीस?"

"बघू."

आता, 'बघू' म्हणजे काय, हे ग्यानोबांइतकं कुणाला कळणार? सगळी नोकरी त्यांनी खिडकीशी आलेल्या माणसांना 'बघू' म्हणूनच वाटेला लावलं होतं. ज्या कागदावर 'बघू' पडलं, त्याला कसर लागताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.  आणि अशात यंदा, ऊन नुकतं कुठं तापायला लागलं, तर मोबाईलवर संदेश येऊ लागले : विजांच्या कडकडाटासह गारपिटीची शक्यता. घरात एकटा माणूस आणि वर कान टवकारून बसलेला पत्रा! 

तेव्हा त्यांना मोबाईलवर एका व्हिडिओत एक गोरा माणूस दिसला. कुठल्याशा थंड मुलखात तो शिडीवर चढून छपराच्या कडेला एक तार नागमोडी अंथरत होता. तार तापायची, कडेचा बर्फ वितळायचा, पाणी वाहून जायचं. ग्यानोबांनी ते पुन्हापुन्हा पाहिलं, आणि मोबाईल घेऊन शेजारच्या गफूरभाईंकडं गेले. गफूरभाईंची मोटार वाइंडिंगची जुनी दुकानदारी. आता दुकान लेक नबील बघतो आणि गफूरभाई घराच्या कठड्यावर बसून गल्ली बघतात.

त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं. "ग्यानोबाजी, त्यांच्याकडं बर्फ पडतो तवा लोक कोट घालून असतात. आपल्याकडं गार पडते तवा लोक बनियनवर असतात. भर उन्हाळ्यात छपराला शेगडी लावणारे तुम्ही पहिलेच बघा."

"पण वितळंल ना?"

"वितळाया काय, तुम्ही बी वितळताल."

आतून आबेदाभाभींचा आवाज आला, "भाईसाब, त्यांचं ऐकू नका. भाभीला आधी आणा तुम्ही लातूरहून. छप्पर मग बघा."

"छप्पर झाल्याबिगर ती येत न्हाई, भाभी."

आबेदाभाभी दारात आल्या. काहीतरी बोलणार होत्या. पण नवऱ्याकडं पाहून पदर सावरत आत गेल्या. ग्यानोबांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष गफूरभाईंकडं, आणि गफूरभाईंचं आता तारेकडं. कारण कारागिराला एखादी गोष्ट मूर्खपणाची वाटली तरी ती करायची कशी, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते शेगडीच्या तारेचं भेंडोळं आणि तार पत्र्याला टेकू नये म्हणून लावायच्या चिनीमातीच्या मण्यांची पिशवी घेऊन दारात हजर! "करायचंच हाय तर बराबर करू," म्हणाले.

बरोबर करायचं म्हणजे विजेचा भार वाढवून घ्यायला हवा. ग्यानोबा इस्त्रीचा शर्ट घालून वीज कचेरीत गेले. खिडकीत दिपाली नावाची तरणी मुलगी होती. तिनं अर्ज घेतला, वाचला, परत वाचला.

"काका, कारण काय लिहिलंय हे?"

"छपराच्या कडेवर साचणारा बर्फ वितळवणे."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर डांबर मऊ होऊन राहिलं होतं आणि एक कुत्रं पाण्याच्या डबक्यात पोट टेकून पडलं होतं.

"नांदेडात?"

"हो."

"काका, इथं घरगुती असतंय, शेती असतंय, व्यापारी असतंय. बर्फाचा रकाना न्हाई. फ्रीज लिहू का?"

"फ्रीजच्या उलट आहे ते," ग्यानोबा म्हणाले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आयुष्यभर ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरच्या बाजूला ऊन लागतं, मान वाकवावी लागते आणि मागची माणसं ऐकत असतात, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

"साहेब रजेवर हायत," दिपालीनं अर्ज एका ढिगाखाली सरकवला. "बघू."

ग्यानोबा घामेजून बाहेर आले. मंजुरी काही येत नाही, आणि आभाळ काही मंजुरीसाठी थांबत नाही. मग त्यांनी एक जुना सरकारी शब्द काढला : तात्पुरती चाचणी. तात्पुरत्या चाचणीला जगात कुणाचीच परवानगी लागत नाही.

चाचणी भर दुपारी झाली. तार पन्हळीच्या कडेनं मण्यांवर नागमोडी बसवलेली. खाली गल्लीतली माणसं. पलीकडच्या घरातल्या रत्नम्माबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्या देगलूरकडच्या, त्यांच्या मराठीत तेलुगूचा गोडवा आणि स्वभावात तेलुगू मिरचीचा ठसका. ग्यानोबांनी बटन दाबलं. तार आधी काळी राहिली, मग तांबूस झाली, मग पळसाच्या फुलासारखी फुलली. पन्हळीवर टेकलेला कावळा जन्मात कधी ओरडला नसेल असा ओरडून उडाला. ग्यानोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बर्फ नव्हताच, पण असता तर त्याची धडगत नव्हती.

सगळ्याचा विचार झाला होता, पाल्याचा सोडून. पानगळीचे दिवस. कडुलिंबानं वर्षभराचं देणं नव्या पन्हळीत आणून ओतलं होतं, आणि ते पापडासारखं कडक वाळलं होतं. भक्कन जाळ झाला! छपराची अख्खी कड दिवाळीच्या रोषणाईसारखी पेटली. त्याच क्षणी गल्लीतली वीज गेली, घराघरांतले पंखे थांबले, आणि कुणाच्या तरी घरात मॅचचं शेवटचं षटक होतं हे सगळ्या गल्लीला समजलं. रत्नम्माबाईंनी गच्चीवरून बादली भिरकावली. निम्मं पाणी जाळावर पडलं आणि निम्मं ग्यानोबांवर.

"अण्णा," त्या वरून ओरडल्या, "बर्फ कुठं ओ? जाळ आलं की!"

ग्यानोबांची बोटं भाजली. त्याहून जास्त भाजलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो तो गंभीर चेहऱ्यानं विचारू लागला, "साहेब, बर्फ काय म्हणतो?"

पण भिणाऱ्या माणसाला लाज फार काळ थांबवू शकत नाही. रत्नम्माबाईंनीच पुढचा तोडगा दिला. "मीठ टाका ओ अण्णा. मीठ पडलं की बर्फ इरघळतंय. कुल्फीवाल्याला इचारा." कुल्फीवाल्यानं उलटच सांगितलं, मीठ टाकल्यानं त्याची कुल्फी घट्ट होते म्हणाला. त्यावर ग्यानोबा दिवसभर विचार करत बसले, आणि शेवटी कुल्फीवाल्याला सोडून मिठाच्या बाजूला झाले. जाडं मीठ फडक्यांच्या लांब लांब पुरचुंड्यांत भरून त्यांनी काळवंडलेल्या पन्हळीत मांडलं. पहाटेच्या दवानं मीठ पाझरलं आणि भिंतीवरून खाली ओघळलं.

सकाळी ग्यानोबांना भिंतीतून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र.  गारा अशा आडव्या येत नाहीत हे ठाऊक असूनही ते आधी पलंगाच्या आडोशाला गेले, मग धीर करून मागं डोकावले. दूधवाल्या संगमेश्वरचा देवणी बैल डोळे मिटून भिंत चाटत होता. पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके, गळ्याची पोळी झुलतीय. एखादा संत नामात दंग व्हावा तसा तो भिंतीत दंग झालेला. त्याच्यामागं दोन गाई आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या.

"संगमेश्वर, न्या की हो त्याला!"

"कसा नेऊ साहेब? त्याला ओढून कुणी नेलंय का आजवर?" संगमेश्वर कौतुकानं बघत म्हणाला. "आन् चाटू द्या की. गुरांच्या अंगाला चांगलं असतंय."

"भिंतीचं काय?"

"भिंतीला काय दूध द्यायचंय?"

गिलावा उघडा पडला. ग्यानोबांनी मीठ उतरवलं. तरी पुढं बरेच दिवस तो बैल सकाळी यायचा, भिंतीला जीभ लावायचा आणि एखाद्या जुन्या मित्रानं ओळख दाखवू नये तसं ग्यानोबांकडं बघून जायचा.

शेवटचा उपाय त्यांचा स्वतःचा होता. फायलीत कधीतरी वाचलेलं त्यांना आठवलं, की डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी पडू नयेत म्हणून वरच जाळी बांधतात. मग गारा तरी पन्हळीपर्यंत का पोचू द्यायच्या? रोपवाटिकेवाल्यानं काढून टाकलेली हिरवी जाळी मिळाली. लोखंडी आकड्यांनी एक बाजू स्लॅबच्या कठड्याला, दुसरी अंगणापलीकडच्या भिंतीला, असं करून गफूरभाई आणि त्यांनी ती पत्र्याच्या कडेवर आणि अर्ध्या अंगणावर झोळीसारखी ताणली. गफूरभाईंनी आकडे हलवून बघितले आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं ग्यानोबांनी मंजुरी समजून घेतलं.

संध्याकाळी फोन लावला. "काम पूर्ण झालं. येऊन पाहणी करावी."

पलीकडून पंचफुला म्हणाली, "आबेदाभाभी सांगून राहिल्या होत्या, तुम्ही घर पेटवून दिलं म्हणून."

"घर न्हाई. नुसती कड."

"बोटं कशी हायत?"

"बरी हायत."

"येते मी. ऐतवारी."

आता खरं तर आनंद व्हायला हवा. पण ग्यानोबांना रात्रभर धडधड. ती आली आणि गारा पडल्या तर? ती आली, गारा नाही पडल्या, आणि तरीही ती परत गेली तर? दोन्हींत जास्त भीती कशाची, हे त्यांना ठरवता येईना.

रविवारी ते स्कूटर पुसून स्टँडवर गेले. लातूरच्या गाडीतून पंचफुला उतरली. थोडी वाळली होती, चष्मा नवा होता. तिनं स्कूटरकडं एकदा पाहिलं आणि सरळ रिक्षात जाऊन बसली.

"पिशवी जड हाय," म्हणाली.

पिशवी हलकी होती, ती ग्यानोबांनीच उचलून रिक्षात ठेवली होती. रिक्षाच्या मागं मागं ते स्कूटरवर घरी आले. स्वतःच्याच बायकोच्या मागं पाळत ठेवल्यासारखे.

तिनं घर पाहिलं. काळवंडलेली पन्हळ, चाटलेली भिंत, वर ताणलेली हिरवी जाळी. एकेक बघत होती आणि ग्यानोबा पाहणीला आलेल्या साहेबामागं चालावं तसे हात जोडून मागं मागं. "इथं आधी तार होती. मग मीठ. आता हे." तिनं आत जाऊन चहा ठेवला. दूध उतू जाऊ दिलं नाही. तिच्या बांगड्यांचा आवाज एका वर्षानंतर त्या पत्र्याखाली वाजला, आणि ग्यानोबांना वाटलं, आता पत्राही ऐकून राहिलाय.

चहा कपात ओतेपर्यंत उजेड बदलला.

आधी वारा थांबला. लिंबाचं पान हलेना. मग पश्चिमेकडून एक ढग आला, काळा नाही, पिकल्या जांभळाला हिरवी झाक असावी तसा, आणि त्याच्या पोटातून दळण दळल्यासारखी घरघर. चिमण्या वळचणीला शिरल्या. ग्यानोबा कप तसाच सोडून पत्र्याकडं बघू लागले.

"घाबरू नका," पंचफुला म्हणाली.

पहिली गार पत्र्यावर पडली, टण्णकन. मग दुसरी. मग मोजायला कुणी उरलं नाही. पत्रा नुसता आरडत होता. कानठळ्या बसल्या. बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या गारा, आणि त्यांतली एखादी लिंबाएवढी, उगाच जरब बसवायला. दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. ग्यानोबांचे गुडघे आत्याच्या काळात जसे थरथरायचे तसेच थरथरत होते. पण डोळे वर, जाळीवर.

जाळी झेलत होती! गारा पत्र्याच्या कडेला यायच्या आणि तिथंच अडकायच्या. पन्हळ मोकळी, पाणी खळखळ वाहतंय. मात्र जाळीला पोट सुटत चाललं होतं. आधी झोळीत तान्हं असावं तेवढं. मग म्हैस झोपावी तेवढं. कठड्याचा एक आकडा चर्रकन वाकला.

"जाळी जाती!" ग्यानोबा ओरडले. त्यांनी कोपऱ्यातला कपडे वाळवायचा बांबू उचलला.

"कुठं निघालात? अहो!"

"कड वाचली पायजे!" आणि हा गारांना भिणारा माणूस, शेंगदाण्याच्या आवाजानं वर बघणारा माणूस, बांबू घेऊन अंगणात धावला. पाठीत गारा बसत होत्या, कानावर बसत होत्या. त्यांनी बांबूचं टोक जाळीच्या पोटाला खालून टेकवलं आणि सगळ्या अंगानिशी रेटलं. एक क्षण ते पोट वर उचललं गेलं. मग आकडे सुटले, आणि सगळं आभाळ एकदम त्यांच्या अंगावर बसलं.

पंचफुलाची किंकाळी पलीकडच्या गल्लीपर्यंत गेली. शेजारच्या कठड्यावरून गफूरभाई ओरडले, रत्नम्माबाई तेलुगूत ओरडल्या. गारा थांबता थांबता थांबल्या. अंगणाच्या मधोमध बर्फाचा ढीग आणि त्याच्या टोकाला ग्यानोबांचं डोकं, आणि डोक्यावर हिरवी जाळी, एखाद्या नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखी. कपाळावर टेंगूळ आलेलं. दात वाजत होते. पण डोळे वर होते, आणि चमकत होते.

"कड बघ!" ते थरथरत म्हणाले. "पंचफुला, कड बघ! एक गार न्हाई. आत एक थेंब न्हाई. झालं का न्हाई नीट? आता तरी राहशील ना?"

पंचफुला बर्फातून चपला न घालता आली. वाकून तिनं त्यांच्या डोक्यावरची जाळी काढली. पदरानं त्यांचं कपाळ पुसलं, टेंगळावर पदर दाबून धरला. दाबता दाबता तिचा हात थांबला.

"मी छपरामुळं गेलेच न्हाई," ती म्हणाली.

शेजारच्या कठड्यावर आबेदाभाभी आल्या होत्या. त्यांनी गफूरभाईंचा हात धरून त्यांना आत नेलं.

"मग?"

"त्या दिवशी मी कुरडया गोळा करून राहिले होते. गारा सुरू झाल्या. मी डोक्यावर परात धरली, आन् इथंच उभी राहिले, पाय उचलंना. तुम्ही घरातून गोधडी घेऊन पळत आलात. मी म्हणलं, आले बाई. म्हणून परात खाली ठेवली." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही माझ्या बाजूनं पुढं गेलात. गोधडी स्कूटरवर टाकली. माझ्या डोक्यात गारा पडून राहिल्या होत्या, आन् वरून तुम्ही मलाच म्हणलात, 'एक कोपरा धर.'"